बी.कॉम.ला पर्यावरणाचा पेपर कशासाठी?



शिक्षण-साहाय्याचा हिशेब मंडळीपुढे ठेवला की दरवर्षी एक तरी प्रश्न ठरलेला असतो. यंदा तो एका ज्येष्ठ सभासदांनी विचारला. आपण जिची फी भरतो अशा एका मुलीची गुणपत्रिका त्यांच्या हातात होती. चष्मा वर करून त्यांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "ताई, पोरगी बी.कॉम.ला आहे ना? मग यात पर्यावरण, संविधान, भारतीय ज्ञान प्रणाली, योगा हे काय काय आहे? अकाउंट्स शिकवा म्हणावं. आपले पैसे अकाउंट्ससाठी आहेत."

पैसे देणाऱ्याने असे विचारायलाच हवे. त्या दिवशी उपासनेनंतर आणखी दोघांनी हेच विचारले, म्हणून या अंकात थोडे सविस्तर लिहिते. आपल्या वसतिगृहातील मुलांच्या पदव्या अडतात त्या बहुधा याच 'इतर' पेपरांत. मुलांना पुढे आयुष्यभर पुरेल असे काही मिळते, तेही पुष्कळदा याच पेपरांतून. दोन्ही गोष्टी देणगीदारांना ठाऊक असाव्यात असे मला वाटते.

आधी गुणपत्रिका समजून घेऊ. महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीचा आराखडा बदलला. स्वायत्त महाविद्यालयांत तो आधी लागू झाला आणि २०२४-२५ पासून विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयांतही आला. आता अभ्यास क्रेडिटमध्ये मोजतात. वर्गात १५ तास शिकले की एक क्रेडिट. प्रात्यक्षिक किंवा वर्गाबाहेरचे काम असेल तर ३० तासांना एक. एका सत्राची २२, वर्षाची ४४, तीन वर्षांची १३२ क्रेडिट होतात.

या १३२ मध्ये मेजर, म्हणजे मुख्य विषय, निम्म्याहूनही कमी भरतो. मायनर म्हणजे जोडविषय असतो. ओपन इलेक्टिव्ह असतात, ते आपल्या शाखेबाहेरचे घ्यायचे. कॉमर्सच्या मुलीने विज्ञान किंवा कला शाखेतले काही शिकावे हा त्यामागचा हेतू. कौशल्याचे पेपर असतात. इंग्रजी आणि एक भारतीय भाषा मिळून ८ क्रेडिट असतात. पर्यावरण, संविधान यांसारखे मूल्यशिक्षण ४ क्रेडिटचे आणि भारतीय ज्ञान प्रणाली २ क्रेडिटची. खेळ, एनएसएस, योग, सांस्कृतिक कार्यक्रम यांची ८. शिवाय क्षेत्रप्रकल्प, समाजसंपर्काचे काम आणि प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण. विद्यापीठागणिक आकडे थोडे इकडेतिकडे होतात, सांगाडा हाच राहतो.

जगात इतरत्र याला 'जनरल एज्युकेशन' म्हणतात. अमेरिकेतील ख्रिस्ती विद्यापीठात पदवी साधारण १२० क्रेडिटची असते आणि त्यातील सुमारे एक तृतीयांश भाग भाषा, इतिहास, विज्ञान, गणित, कला आणि बायबल अशा सर्वांना सारख्या असलेल्या विषयांचा असतो. नर्स व्हायचे असो की हिशेबनीस, तेवढे करावेच लागते. आपल्याकडे ही कल्पना नव्या धोरणाने पहिल्यांदा आणली असेही नाही. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने पदवीच्या विद्यार्थ्यांना सामान्य शिक्षण द्यावे असे स्पष्ट सुचवले होते. मुंबई विद्यापीठात ज्यांनी फाउंडेशन कोर्सचा पेपर दिला असेल त्यांना आठवेल. आदल्या रात्री गाइड वाचून तो सुटायचा, त्यामुळे त्याची किंमत कुणाला कळली नाही.

आपल्या लोकांनी हे कसे केले

ख्रिस्ती महाविद्यालयांना हा विषय नवा नाही. १८१८ मध्ये विल्यम केरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी सेरामपूरला कॉलेज काढले आणि १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाच्या सनदेने त्याला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. आज आपले पाळक घेतात त्या ईश्वरविज्ञानाच्या पदव्या याच सेरामपूरच्या. त्यामुळे ते पहिल्यापासून पाळक घडवण्याचेच कॉलेज होते असा पुष्कळांचा समज आहे. प्रत्यक्षात तिथे संस्कृत आणि इतर पौर्वात्य साहित्य, पाश्चात्त्य विज्ञान आणि पवित्र शास्त्र एकत्र शिकवायचे असे ठरले होते आणि कोणत्याही जातिधर्माच्या मुलाला दार खुले होते. केरी स्वतः फोर्ट विल्यम कॉलेजात मराठीही शिकवत. १८०५ मध्ये त्यांचे मराठी व्याकरण छापले गेले आणि १८१० मध्ये मोडी अक्षरांत शब्दकोश. एका मोच्याने बंगालमध्ये बसून मराठीचा कोश करावा, ही गोष्ट आपण आपल्या मुलांना पुरेशी सांगत नाही.

पुढे मुंबईत विल्सन कॉलेज १८३२ पासून, सेंट झेवियर्स १८६९ पासून आणि नागपुरात हिस्लॉप कॉलेज १८८३ पासून चालत आले. ब्रिटिश काळात मिशनच्या कॉलेजांत बायबलचा तास वेळापत्रकातच असे. त्यावर वाद झाले आणि तो तास सक्तीचा नसावा अशी मागणी झाली. १९३०-३१ मध्ये ऑक्सफर्डच्या ए. डी. लिंडसे यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग भारतातील ख्रिस्ती कॉलेजे पाहून गेला. परीक्षांच्या रगाड्यात ही कॉलेजे इतर कॉलेजांसारखीच झाली आहेत, असे त्याचे म्हणणे होते. त्यांनी आजूबाजूच्या खेड्यांशी नाते जोडावे, संशोधन करावे आणि ते लोकांपर्यंत न्यावे, असे त्याने सुचवले. मला हा अहवाल आजही ताजा वाटतो.

आपल्याला जवळचे उदाहरण अहमदनगर कॉलेजचे. नगरचे नाव आता अहिल्यानगर झाले, कॉलेज जुन्याच नावाने ओळखले जाते. डॉ. भा. पां. हिवाळे यांनी ते १९४७ मध्ये सुरू केले, ते ग्रामीण भागातील मुले डोळ्यांसमोर ठेवून. नगरच्या सीएसआरडी या समाजकार्य संस्थेचे नाव आमच्या क्षेत्रातील सर्वांना माहीत आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये सोशल इन्व्हॉल्व्हमेंट प्रोग्राम आहे. ठरावीक तास वस्तीत किंवा एखाद्या संस्थेत काम केल्याशिवाय तिथल्या विद्यार्थ्याचे शिक्षण पुरे होत नाही.

आणि महाराष्ट्रात खरोखरचे ख्रिस्ती विद्यापीठ म्हणावे ते पुण्याचे स्पायसर अॅडव्हेंटिस्ट विद्यापीठ. १९१५ मध्ये कोइमतूरला एक लहानशी प्रशिक्षण शाळा म्हणून ते सुरू झाले, बंगळूरमार्गे पुण्याला आले आणि २०१४ मध्ये महाराष्ट्राच्या कायद्याने विद्यापीठ झाले. अॅडव्हेंटिस्ट बंधूंची शिक्षणाबद्दलची शिकवण साधी आहे: डोके, हृदय आणि हात तिन्ही शिकले पाहिजेत. त्यामुळे जगभरच्या त्यांच्या महाविद्यालयांत धर्मशिक्षणाबरोबर आरोग्य आणि अंगमेहनतीचे काम यांनाही मान असतो. आपल्या मंडळीचे त्यांच्याशी शनिवार-रविवारवरून मतभेद असतील, पण शिकलेल्या माणसाला कुदळ धरता यावी हे त्यांचे म्हणणे मला पटते.

इथेच दुसरा नेहमीचा प्रश्न येतो. ख्रिस्ती कॉलेज आहे तर बायबल सगळ्यांना सक्तीचे का नाही? कारण संविधानाच्या कलम २८ चा तिसरा भाग. शासनाची मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसायला लावता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. कलम ३० ने आपल्याला आपल्या संस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. दोन्ही कलमे एकत्र वाचावीत. सक्तीने बसवलेल्या मुलाच्या कानावर वचन पडते, एवढेच होते, असे माझे मत आहे. याच कलमाचा आधार आपल्या मुलांनाही आहे. ती ज्या कॉलेजात जातात तिथेही त्यांना कोणी कसल्या पूजेला बसण्याची सक्ती करू शकत नाही.

म्हणून भारतीय ज्ञान प्रणालीच्या पेपरबद्दल काही पालकांना जी धास्ती वाटते तिच्याबद्दलही बोलते. अभ्यास म्हणजे उपासना नव्हे. दानीएलाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय काढून पाहा. त्याला आणि त्याच्या मित्रांना बाबेलात तीन वर्षे खास्द्यांची विद्या आणि भाषा शिकायला लावले. आपल्या पदवीचीही तीनच वर्षे असतात. दानीएलाने राजाचे अन्न नाकारले, अभ्यास मात्र मन लावून केला आणि परीक्षेत तो पहिला आला. त्या पेपरात जुने गणित, वैद्यक, पाण्याची व्यवस्था असे विषय येऊ शकतात. मलिक अंबरने सतराव्या शतकात आपल्या हर्सूलच्या बाजूच्या डोंगरउतारांवरून शहरात पाणी कसे आणले, हे आपल्याच मुलांना माहीत नसावे का? आणि झाडपाला, मोह, पावसाचा अंदाज यांचे जे ज्ञान भिल्ल आणि पावरा घरांत आहे, ते त्या पेपरात मांडायला आपल्या मुलांइतके कोण लायक आहे? वर्गात शिक्षकांनी काही चुकीचे सांगितले तर प्रश्न विचारायला शिकणे हाही शिक्षणाचाच भाग.

मुलांची गोष्ट

आता आपल्या मुलांकडे येऊ. आपल्या वसतिगृहातील मुले कन्नड, सोयगाव, वैजापूर या बाजूची आहेत आणि काही थेट नंदुरबारकडून आलेली. (हर्सूल म्हटले की नाशिककडचे लोक त्र्यंबकजवळचे हर्सूल समजतात. तेही आदिवासी भागातच आहे, त्यामुळे एकदोनदा आपले पार्सल तिकडे फिरून आले आहे.) बहुतेकांच्या घरात कॉलेजचे तोंड पाहणारे हे पहिलेच मूल. घरी भिल्ली किंवा पावरी बोलतात, शाळा मराठीत झाली, कॉलेजात फळ्यावर इंग्रजी. म्हणजे इंग्रजीचा पेपर त्यांच्यासाठी तिसऱ्या भाषेतला असतो.

धडगावकडच्या आपल्या एका मुलाचे उदाहरण सांगते. अकाउंट्समध्ये तो वर्गात पहिल्या पाचात. आकडे कोणत्याही भाषेत सारखेच, असे तो हसून सांगतो. इंग्रजीच्या दोन क्रेडिटच्या पेपरात तो दोनदा राहिला. दोन क्रेडिट म्हणजे किती, तर १३२ मधली दोन! पण ती नसतील तर पदवी हातात येत नाही. पुन्हा फॉर्म, पुन्हा गाडीभाडे, आणि ज्या नोकरीच्या जाहिरातीत पदवी मागितली आहे ती डोळ्यांदेखत निघून जाते. घरचे म्हणतात, तीन वर्षे झाली ना, मग अजून काय? त्यांना काय सांगावे ते त्याला कळत नाही. मागच्या महिन्यात तो ऊसतोडीच्या मुकादमाकडे उचल किती मिळते याची चौकशी करून आला. ते ऐकले तेव्हा मला रात्री झोप लागली नाही.

अशा मुलांसाठी नव्या आराखड्यात एक दार ठेवले आहे आणि त्याबद्दल मला सावध करायचे आहे. एक वर्ष करून सोडले तर प्रमाणपत्र मिळते, दोन वर्षे केली तर पदविका. त्यासाठी थोडा जादा कौशल्याचा अभ्यास करावा लागतो. कागदावर हे छान दिसते. शहरातल्या मुलाला अडचण आली तर तो वर्षभर थांबून परत येतो. आपले मूल एकदा पाड्यावर गेले की परत आणायला कोण जाते? पूर्वी ज्याला गळती म्हणत त्याला आता प्रमाणपत्र म्हणतील, एवढाच बदल होईल अशी मला भीती आहे. त्यातल्या त्यात चांगले हे की मिळवलेली क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या खात्यात जमा राहतात आणि साधारणपणे सात वर्षांपर्यंत चालतात. म्हणजे लग्न होऊन गेलेली मुलगीही परत येऊ शकते. कोणाच्या मंडळीत अशी मुलगी असेल तर तिला हे जरूर सांगा.

पण त्या खात्यातही एक खाचखळगा आहे. ते खाते आधारच्या नावाने उघडते. आपल्या मुलांचे आधारवर एक नाव, टीसीवर दुसरे, जातीच्या दाखल्यावर वडिलांचे तिसरेच स्पेलिंग. पावरा कुठे 'पावरा' तर कुठे 'पवार' होतो. नाव जुळले नाही की क्रेडिट जमा दिसत नाहीत आणि शिष्यवृत्तीचा अर्जही अडकतो. हे पहिल्या सत्रातच दुरुस्त करून घ्यावे लागते. तिसऱ्या वर्षी धावपळ करून फार उशीर होतो.

आता चांगले सांगते. गुणपत्रिकेतील समाजसंपर्काचे जे काम आहे, ते दोन क्रेडिटचे, म्हणजे ६० तासांचे. शहरातील मुलांना त्यासाठी गाव शोधावे लागते. आपल्या मुलींना गाव शोधावे लागत नाही. कन्नड तालुक्यातील आपल्या एका मुलीने आपल्याच वस्तीच्या पाण्यावर काम केले. हातपंपाशी सकाळी आणि संध्याकाळी बसून तिने रोज किती हंडे भरले, कोण आले, किती वेळ थांबले हे आठ दिवस वहीत लिहिले. पंप किती महिने चालतो आणि कधी कोरडा पडतो हे म्हाताऱ्या बायकांना विचारले. तिची आई रोज त्या रांगेत उभी असायची. ही मुलगी स्वतः बारावीपर्यंत उभी होती. तिने मला सांगितले, "ताई, आम्ही रोज किती वेळ पाण्यात घालवतो हे मी पहिल्यांदा बेरीज करून पाहिलं." अहवाल मराठीत होता, शुद्धलेखनाच्या चुका होत्या, पण आकडे चोख होते. तिच्या वडिलांनी त्याची एक प्रत ग्रामसेवकांना दिली आणि ग्रामसभेत पहिल्यांदा त्या वस्तीचा प्रश्न आकड्यांसह मांडला गेला. पंप अजून दुरुस्त झालेला नाही. तिची अकाउंट्सची पुस्तके आपण घेऊन दिली होती. पण ही बेरीज तिने शिकली ती ज्या विषयावर ज्येष्ठ सभासदांचे बोट थांबले होते, तशाच एका विषयात.

संविधानाच्या पेपरचेही तसेच. पेसा, वनहक्क, ग्रामसभा हे शब्द आमच्या कामात रोज येतात. ईश्वरविज्ञानाच्या डिप्लोमात आम्हाला ग्रीकची अक्षरे घोटवली गेली, सातबारा कसा वाचावा हे कोणी शिकवले नाही. ते मला तलाठी कार्यालयाच्या बाकावर बसून शिकावे लागले. ज्याच्या आजोबांची जमीन वनखात्याच्या कागदात हरवली आहे, त्या मुलाला २००६ चा वनहक्क कायदा माहीत होणे हे अवांतर ज्ञान आहे असे मला म्हणवत नाही. मात्र हा पेपर गाइडमधून पाठ करून दिला तर यातले काहीच होत नाही, हेही खरे. शिक्षक कोण आहे यावर पुष्कळ अवलंबून आहे.

खेळ आणि सांस्कृतिक कार्यक्रमांची क्रेडिट हा आमच्या मुलांना आनंदाचा भाग. पळण्यात आणि कबड्डीत त्यांना हरवणे सोपे नाही. त्यावर अधिक लिहीत नाही, फोटो या अंकात आहेतच.

तर मदत कुठे लावावी? आतापर्यंत आपण फी, पुस्तके आणि जेवण यांवर भर दिला आणि ते बरोबरच होते. अनुसूचित जमातीच्या मुलांना शासनाची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, ज्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. हे अर्ज आपण भरून घेतो. मला वाटते, आता पहिल्या वर्षाच्या भाषेवर आणि ओपन इलेक्टिव्हच्या निवडीवर लक्ष द्यायला हवे. प्रवेशाच्या गर्दीत मूल मित्राने घेतला तो विषय घेते किंवा जागा उरली असेल तो. आपल्यापैकी कोणी शिक्षक, बँकेत असलेले, दवाखान्यात असलेले त्या दिवशी मुलाबरोबर काउंटरवर उभे राहिले आणि "हा विषय तुला कशासाठी हवा?" एवढे विचारले तरी निवड बदलते. जे कॉलेज निवडताय तिथे क्षेत्रप्रकल्प खरोखर करून घेतात की फक्त सही देतात, हेही विचारा. कॉलेज ख्रिस्ती असो वा नसो, हा प्रश्न सारखाच लागू आहे.

इंग्रजीसाठी आपण शनिवारी दुपारी तीन ते पाच वाचनाचा वर्ग घेतो. त्यात व्याकरण शिकवत नाही; एक मोठा माणूस आणि एक मूल शेजारी बसून आठ-दहा ओळी मोठ्याने वाचतात, अडलेला शब्द मुलाच्या भाषेत काय म्हणतात ते लिहून ठेवतात. शिकवण्याचा अनुभव लागत नाही, धीर लागतो. सध्या मुले अकरा आहेत आणि वाचायला बसणारे चौघे, त्यामुळे काही मुले आळीपाळीने थांबतात. धडगावचा तो मुलगाही येतो; त्याचा पेपर पुढच्या परीक्षेत पुन्हा आहे. जळगाव रस्त्याची बस हर्सूल टी-पॉइंटला थांबते, तिथून चालत दहा मिनिटे. ज्यांना यायचे आहे त्यांनी आधी कार्यालयात कळवावे, म्हणजे कोणते मूल कोणाशेजारी बसेल ते ठरवता येईल.